नकाशा आधी जमिनीवर: घोडेगावच्या मुलांना भूगोल शिकवताना



सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. चौथीच्या वर्गात जा आणि विचारा, "उत्तर दिशा कुठंय रे?" बरीच मुलं बोट वर करतात. थेट छताच्या पत्र्याकडं. "मग दक्षिण?" बोट खाली, फरशीकडं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आम्ही हसलो. मग लक्षात आलं की हे आम्हीच शिकवलेलं आहे. भिंतीवर नकाशा टांगायचा, छडीनं वरची कड दाखवायची आणि म्हणायचं, "वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडं पूर्व, डावीकडं पश्चिम." पोरांनी अगदी तेच ऐकलं. बरं, नकाशा कुठल्या भिंतीवर? जिथं खिळा असेल तिथं. आमच्या वर्गात तो दक्षिणेच्या भिंतीवर होता. त्या भिंतीकडं तोंड केलं की उजवा हात पश्चिमेला येतो. म्हणजे सकाळचं ऊन डावीकडच्या खिडकीतून आत येतंय आणि आम्ही उजवीकडं छडी दाखवून सांगतोय, "ही पूर्व." मुलानं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की गुरुजींवर? पोरं शहाणी असतात. ती गुरुजींचं वहीत लिहितात आणि डोळ्यांचं स्वतःजवळ ठेवतात. तिथून पुढं भूगोल हा वहीतला विषय होतो.

आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे: प्राथमिक शाळेत नकाशा भिंतीवर जायच्या आधी जमिनीवर यायला हवा. मुलाला पायाखालची जमीन माहीत आहे. तिची आणि कागदाची गाठ एकदा घालून दिली, की पुढचं जग ते स्वतः वाचतं. ती गाठ पडली नाही, तर दहावीपर्यंत फक्त नावं पाठ होतात.

पोराला आधीच काय ठाऊक असतं

आपण घोडेगावात बसलोय. दूरवरून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: हे नेवासा तालुक्यातलं, नगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचं गाव. कांद्याचा मोठा बाजार, जनावरांचा बाजार, आणि शनिशिंगणापूरला जाणारा फाटा इथूनच. त्यामुळं इथल्या नऊ वर्षांच्या मुलाला काय काय माहीत असतं बघा. कांद्याची गोणी कुठल्या गाडीत चढते. गर्दी कुठल्या वाराला वाढते. पाटाला आवर्तन सुटलं की घरात कोण रात्रीचं दारं धरायला जातं. कुठल्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि कुठली जानेवारीतच तळ दाखवते. काळी जमीन कुठं, मुरमाड कुठं.

हा सगळा भूगोल आहे. व्यापार, वाहतूक, सिंचन, भूजल, मृदा, सगळं त्यात आलं. पण आपण त्याला तसं म्हणत नाही. परीक्षेत विचारतो, "महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?" ते पोर लिहितं, "कळसूबाई." एक मार्क. कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे, १६४६ मीटर उंच आहे, आणि त्या डोंगररांगांवर पडणाऱ्या पावसाशी आपल्या पाटाच्या पाण्याचं नातं आहे, हे मात्र राहून जातं.

इथं पुस्तकाला दोष देणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आपल्याकडं प्राथमिकला विषयाचं नावच 'परिसर अभ्यास' आहे. तिसरीला तर बालभारतीनं जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पुस्तक काढलं. 'भूगोल' हा स्वतंत्र विषय सहावीपासून येतो. म्हणजे जवळून दूर जायचं, ही दिशा पुस्तकात आहेच. आपण ते पुस्तक वर्गात बसून मोठ्यानं वाचून संपवतो. अडचण आपल्या बाजूला आहे.

"आम्ही नेवाशात नाही राहत"

दुसरा घोटाळा दिशेपेक्षा खोल आहे. मुलाला विचारा, "तू कुठं राहतोस?" "घोडेगावात." "नेवासा तालुक्यात राहतोस ना?" इथं पोर अडतं. "नाही, नेवासा तिकडं आहे, एसटीनं जावं लागतं." त्याचं बरोबरच आहे! नेवासा हे त्याच्या लेखी वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गाव आहे. त्याच नावाचा तालुकाही आहे आणि आपण त्याच्या पोटात आहोत, हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही. जिल्ह्याचंही तेच. नगर म्हणजे जिथं दवाखान्यात जायचं ते शहर. त्यात आता २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. घरात आजोबा 'नगर' म्हणतात, जुन्या नकाशावर 'अहमदनगर' आहे, शाळेच्या पाटीवर 'अहिल्यानगर'. मुलाला ही तीन वेगवेगळी ठिकाणं वाटली तर नवल नाही.

हा गोंधळ आपल्याच पोरांचा नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकारी आन-मारी वेल यांच्यासोबत १९५१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जिनिव्हाच्या मुलांना विचारलं, जिनिव्हा कुठं आहे? मुलं म्हणाली, स्वित्झर्लंडमध्ये. मग सांगितलं, एक वर्तुळ जिनिव्हाचं काढ, एक स्वित्झर्लंडचं. लहान मुलांनी दोन वर्तुळं शेजारीशेजारी काढली! तोंडानं 'मध्ये' म्हणत होती, मनात मात्र ती दोन वेगळी गावंच होती. एखादी गोष्ट दुसरीच्या पोटात असते, ती तिसरीच्या पोटात असते, ही समज वयाबरोबर हळूहळू येते. वाक्य पाठ करून ती येत नाही.

मग काय करायचं? आम्ही घरातले डबे वापरतो. सगळ्यात छोट्या डबीत एक कांदा, तो आपलं घर. डबीवर कागद चिकटवायचा, 'घोडेगाव'. ती डबी 'नेवासा तालुका' लिहिलेल्या डब्यात. त्याच डब्यात 'नेवासा शहर' लिहिलेली दुसरी डबी. गंमत इथं होते. पोरं बघतात की नेवासा नावाचा डबाही आहे आणि त्याच्या आत नेवासा नावाची डबीही आहे, आपल्या डबीच्या शेजारी. मग तो डबा जिल्ह्याच्या पातेल्यात, पातेलं महाराष्ट्राच्या घमेल्यात. या जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि क्षेत्रफळानं हा राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आहे, हे तेव्हा सांगितलं तर त्या आकड्याला बसायला जागा मिळते.

तालुका लिहायची गरज काय, हेही इथंच पटवता येतं. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातही घोडेगाव आहे, घोड नदीच्या काठचं, आणि ते तालुक्याचं ठिकाण आहे. पोस्टमननं पत्र कुठं टाकायचं? हा प्रश्न मुलांना टाका आणि गप्प बसा. 'मु. पो., तालुका, जिल्हा' ही ओळ का असते ते पोरंच तुम्हाला सांगतील.

दिशा कशी सापडते

आता दिशेकडं येऊ. "सूर्य उगवतो ती पूर्व" हे ढोबळमानानं ठीक. पण सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरात तो आग्नेयेकडं सरकलेला असतो, जूनमध्ये ईशान्येकडं. "दुपारची सावली उत्तरेला पडते" हेही पुस्तकी वाक्य आहे, आणि इथं एक खाच आहे. घोडेगाव साधारण सव्वाएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. आणि शाळा भरते कधी? जूनमध्ये! म्हणजे एखाद्या उत्साही शिक्षकानं पहिल्याच आठवड्यात काठी रोवली, तर त्याची उत्तर नेमकी उलटी निघेल.

म्हणून आम्ही वर्तुळाची जुनी रीत वापरतो. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात तिला शंकूची रीत म्हणतात. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालं की करा. मैदानात सपाट जागा बघा. हातभर काठी सरळ उभी रोवा. गवंड्याकडून ओळंबा आणून ती सरळ आहे का ते पोरांनाच तपासू द्या. काठीला सुतळी बांधून भोवती वर्तुळ काढा, असं की सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास सावलीचं टोक त्या रेषेला टेकेल. टेकलं की तिथं खडा ठेवायचा. मग सावली आखडत वर्तुळाच्या आत येते, दुपारनंतर लांबत लांबत दुसऱ्या बाजूनं पुन्हा रेषेला टेकते. तिथं दुसरा खडा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. दोन्ही जोडा, ही पूर्व-पश्चिम रेघ. तिला काटकोनात दुसरी रेघ, ती उत्तर-दक्षिण. ही रीत कुठल्याही महिन्यात चुकत नाही.

यात आणखी एक गोष्ट हाती लागते. सकाळी साडेदहाला सावली टेकली, तर दुपारी ती साधारण अडीचला टेकते. म्हणजे मधली वेळ, खरी मध्यान्ह, घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या आसपास आली. ऋतूप्रमाणं पंधराएक मिनिटं मागंपुढं. का? कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाप्रमाणं लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. एक अंशाला चार मिनिटं. चौथीला हे सांगू नका. पण एखादी पोर विचारेलच, "गुरुजी, बाराला सावली सगळ्यात छोटी का नाही झाली?" त्या पोरीला मात्र सांगा.

ती उत्तर-दक्षिण रेघ मैदानावर ऑइलपेंटनं कायमची रंगवून ठेवा. आता भिंतीवरचा नकाशा काढा, त्या रेघेवर आडवा अंथरा, त्याची उत्तर रेघेच्या उत्तरेला लावून. पोरांना भोवती बसवा. 'वर' आणि 'खाली' हे शब्द आपोआप गळून पडतात. नकाशावर नगरकडं हात केला की हात खऱ्या नगरकडंच जातो. मग शाळेचा नकाशा पोरंच काढतात. दहा पावलं म्हणजे आगपेटीची एक काडी, असं प्रमाण ठरवायचं. पाण्याच्या टाकीला कुठली खूण, लिंबाच्या झाडाला कुठली, ते त्यांनी ठरवायचं. प्रमाण आणि सूची हे दोन अवघड शब्द दोन तासांत त्यांच्या हाताखालून जातात. शब्द नंतर सांगितले तरी चालतात.

पाण्याच्या मागं वर, पाण्याच्या मागं खाली

नकाशा जमिनीवर आला की त्यावर चालायला लागायचं. कशाच्या मागं चालायचं? आपल्या भागात उत्तर एकच, पाण्याच्या.

"पाटाला पाणी कुठून येतं?" मुळा धरणातून. बोट पश्चिमेला. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला धरण, साठा २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी इकडं येतं. "धरणात कुठून येतं?" मुळा नदीतून. नदी कुठून? हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं, अकोल्याच्या डोंगरांतून. तिथं घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर पडतो आणि आपल्या नेवाशाकडं साधारण पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! ढग तेच, वारा तोच. डोंगर चढताना ढग गार होतात आणि तिथंच मोकळे होतात. आपल्यापर्यंत येईतो फारसं काही उरत नाही. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द त्यानंतर.

आणि मिलिमीटर म्हणजे काय, हेही करून बघायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तेव्हा पाचशे मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर वर्षाला पन्नास हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलाला हा आकडा विसरता येत नाही. "मग ते गेलं कुठं?" हा त्याचा पुढचा प्रश्न असतो, आणि तो खरा भूगोलाचा प्रश्न आहे.

आता खाली. आपला ओढा, मग नदी. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. पुढं पैठणचं जायकवाडी धरण. त्या नाथसागराचा फुगवटा आपल्या तालुक्यापर्यंत येतो. तिथून नांदेड, तेलंगण, आंध्र आणि बंगालचा उपसागर. त्र्यंबकेश्वरपासून धरलं तर गोदावरीचा प्रवास १४६५ किलोमीटरचा.

एक गंमत नगरच्या रस्त्यावर दाखवता येते. इथून नगरला जाताना इमामपूरचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडं आपल्या बाजूला पडलेलं पाणी गोदावरीला जातं. डोंगर ओलांडून नगरला पोचलात की तिथली नदी सीना. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे एसटीत बसून तासाभरात आपण गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि खिडकीत बसलेल्या पोराला कोणी सांगत नाही.

हे एवढं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. कारण ही पोरं मोठी होऊन याच पाण्यावरून बोलणार आहेत. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, हा वाद आपण दर दुष्काळात ऐकतो. २००५ साली राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. वाद तरीही चालूच आहे. जायकवाडीच्या लेखी आपण 'वरचे'. पण मुळेच्या कालव्यावर हेडच्या शेतकऱ्याच्या लेखी आपणच 'खालचे', आणि टेलला पाणी पोचत नाही म्हणून ओरडणारेही आपणच. नकाशा समोर अंथरलेला असेल तर एकच पोर दोन्ही बाजू बघू शकतं. नकाशा वाचता येत नसेल, तर जो मोठ्यानं बोलेल त्याचं खरं वाटतं. पन्नाशीच्या माणसांना ही दुसरी बाजू दाखवणं आम्हाला जमलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोरांना दाखवता येते.

काही शंका

"गावातच अडकवलं तर पोरांना जग कधी कळणार?" रास्त शंका आहे. पोरांना ज्वालामुखी, पेंग्विन, वाळवंट हवंच असतं, आणि द्यायलाही हवं. पण गावातूनच बाहेर रस्ता जातो. कांद्याच्या बाजारात उभ्या ट्रकांच्या नंबरप्लेटी मुलांना लिहून आणायला सांगा, पालकांबरोबर, रस्त्यावर न जाता. एमएच १६ आपलं, १७ श्रीरामपूर, २० संभाजीनगर. आणि केए, टीएन, टीएस निघाले तर? प्रत्येक अक्षराला जमिनीवरच्या नकाशात एक खडा. भारताची राज्यं अशी पाठ होतात आणि पुन्हा विसरत नाहीत.

"वेळ कुठंय?" आठवड्याला एक तास. बाकी पुस्तक त्यामुळं उलट लवकर संपतं.

आणि एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं कधीकधी आपल्या वर्गात येऊन बसतात. हजेरी तुटक, वाचन कच्चं, म्हणून आपण त्यांना मागं बसवतो. पण वर्गात सगळ्यात जास्त प्रवास त्यांनी केलेला असतो. एकदा अशा एका मुलाला, त्याची हरकत नाही ना हे आधी बाजूला घेऊन विचारून, म्हटलं, गावाकडून इथवरची वाट खडूनं काढशील का? त्यानं नद्या, पूल, चढ, मुक्काम, पाणी कुठं चांगलं, सगळं ओळीनं काढलं. बाकीची पोरं उकिडवी बसून बघत होती. लेखी परीक्षेत त्याला भूगोलात जे मार्क पडले ते सांगण्यासारखे नाहीत. तेव्हापासून आम्ही मार्कांपेक्षा त्या खडूच्या रेघेवर जास्त भरवसा ठेवतो.

तर मंडळी, शिक्षक असाल, पालक असाल, एवढं करून बघा. घरातला किंवा वर्गातला नकाशा भिंतीवरून काढा. खरी उत्तर कुठं आहे ते आधी मुलांकडून शोधून घ्या, मग नकाशा त्या बाजूला तोंड करून अंथरा. आणि शेजारी बसून विचारा, "आपलं पाणी कुठून येतं, दाखव बरं."

बोट कुठं जातं ते बघा. छताकडं गेलं नाही, म्हणजे सुरुवात झाली.